एका बाटलीमुळे गेलेले १९ जीव आणि हाफकिन यांची लस

महाळुंगे-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यात पत्र्याने हात कापला की कामगार स्वतःहून टीटीचे इंजेक्शन मागतात. गेल्याच वर्षी घेतलेले असले तरी पुन्हा मागतात, कारण टीटी सहा महिनेच चालते अशी पक्की समजूत आहे. (तुमचे आधीचे सगळे डोस पूर्ण असतील तर साधारण दहा वर्षांनी बूस्टर पुरतो, जखम खोल किंवा मातीने मळलेली असेल तर पाच वर्षांनी.) गंमत अशी, की यांतल्याच काहींनी २०२१ मध्ये नपुंसकत्व येते असे ऐकून कोविडची लस टाळली होती. एका सुईवर गरजेपेक्षा जास्त विश्वास आणि दुसरीवर अजिबात नाही, असे का होते? वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यात याचे बरेचसे उत्तर सापडते.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसातला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. धर्माने ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळल्यावर सरकारने त्यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लसही प्रथम स्वतःच घेतली.

लोक मात्र घाबरले. टोचल्याबरोबर माणूस मरतो, पुरुषत्व जाते, अशा वावड्या तेव्हाही होत्या. या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून आजारी माणसे शोधत होते, घरच्यांपासून तोडून नेत होते. मुंबईत तर १८९६ च्या ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ज्या सरकारचा हात असा अंगावर येतो, त्याच हातातली सुई औषधाची आहे हे कोणी का मानावे? आपण पुरावा तपासण्याआधी तो देणारा कोण आहे ते पाहतो. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतल्यावर खोजा समाजातले अनेक जण पुढे आले. लस तीच होती.

आणखी एक अडचण होती. या लसीने ताप यायचा, हात दुखायचा. काहींना आधीच लागण झालेली असायची. ते टोचल्यानंतर दगावत. शेजाऱ्याला दिसे ते एवढेच: सुई घेतली आणि माणूस गेला. जो वाचला तो लसीमुळे वाचला, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मोजावे लागते. हाफकिन यांनी ते मोजले. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. नंतर ज्या घरांत प्लेग आला, तिथे लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. एकच घर, एकच पाणी, तेच उंदीर. इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

तरीही तो पुरला नाही, आणि या वेळी न मानणारे शिकलेले होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी (आज ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्यानेच बूच काढले गेले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय लस प्रयोगशाळेतच दूषित झाली असती तर तिला दुर्गंधी यायला हवी होती, आणि टोचणाऱ्या डॉक्टरांना ती जाणवली नव्हती.

चौकशीने तरी बोट प्रयोगशाळेकडे दाखवले. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक घालणे थांबवून फक्त उष्णतेवर भर दिला होता, याकडे संशयाने पाहिले गेले. पाश्चर संस्थेत ती पद्धत रुळलेली होती, पण हे कानांवर पडूनही फरक पडला नाही. माझ्या मते इथे अज्ञानाचा प्रश्नच नव्हता. परका, रशियातून आलेला, डॉक्टर नसलेला माणूस चुकला असे म्हणणे सोपे होते. आपल्याच यंत्रणेचा चिमटा मळका होता असे म्हणणे जड जात होते. मन आधी निकाल देते आणि मग त्याला जुळणारी कारणे वेचते. हुशार माणसाला अशी कारणे जास्त सापडतात, एवढाच फरक.

हाफकिन यांना पद सोडावे लागले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून त्यांची बाजू उघडपणे मांडली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. ते परत आले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९१५ मध्ये त्यांनी भारत सोडला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी वारले.

मुल्कोवालच्या त्या १९ जणांना जो आजार झाला, त्याची लस तेव्हा निघायची होती. आज महाळुंग्यात हात कापल्यावर मागितली जाते ती हीच.