अंगणात आलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो कधीतरी कोणाला तरी सुचला असेल हे ध्यानातही येत नाही. तुर्भे गावापासून तुर्भे स्टोअरच्या वस्तीपर्यंत कोणत्याही आईला विचारावे. तिचे मूल अंगणवाडीत जाते तरी, नाहीतर जात होते तरी. हा शब्द आणि त्यामागचा विचार आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डीच्या समुद्रकाठी आकाराला आला. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) ज्यांच्या हातून हे काम झाले, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी समाजाचा रोष पत्करून विधवेशी विवाह केला होता. अशा घरात मुलीने शिकावे की नाही हा वादच नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी बाईने असे पाऊल उचलणे म्हणजे काय, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना सांगायला नको. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. आणि मग ती मानाची, पगाराची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईंपाशी त्यांना दृष्टी मिळाली. छडी आणि घोकंपट्टी यांच्या त्या काळात, लहान मूल काय करते, कशात रमते, कशाला भिते हे शिक्षकाने आधी पाहावे आणि मग शिकवावे, असा हा मार्ग होता. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. मुंबईस परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढला. नाव झाले, शिक्षिका तयार होऊ लागल्या, चांगल्या घरची मुले येऊ लागली. एवढ्यावर समाधान मानले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण एक गोष्ट त्यांना सलत होती. मादाम माँटेसरींनी आपली पहिली बालशाळा १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडली होती. दिवसभर आईबाप कामावर आणि मुले जिन्यांवर, गल्लीत मोकाट, अशी ती वस्ती. तीच पद्धती आपल्या देशात आली ती महागड्या लाकडी साधनांसह, शहरातील सुखवस्तू घरांसाठी. खेड्यातील, रानातील, झोपडीतील मूल या सगळ्यात कोठे होते?

१९४५ साली, वयाची त्रेपन्न वर्षे झाल्यावर, ताराबाई बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी त्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता. यावरून तेथील माणसांची दशा ध्यानात येईल. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा; पुण्यात शिक्षिकेचे काम करीत होत्या. पुढची जवळजवळ तीन दशके या दोघींनी एकत्र काम केले.

बालवाडी गावात उघडली. गावातील मुले आली, पण हरिजन वस्तीतील आणि पाड्यावरील मुले काही येईनात. येथे एखादा अधिकारी असता तर पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी आधी आपल्या शाळेकडे संशयाने पाहिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्या वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणातच बालवाडी मांडली. तीच अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून धडा सुरू होई. माँटेसरींच्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती आली. मोजायला शिंपला चालतो आणि त्याला पैसा पडत नाही.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यावर गेले. माझ्या मते ताराबाईंच्या आयुष्याचे खरे मोल येथेच कळते. आज शिक्षणाच्या धोरणासाठी पाहण्या होतात, मोठमोठे अहवाल निघतात. कोसबाडला जे चालले तेही संशोधनच होते; फक्त ते पाड्यापाड्यावर फिरून होत होते. पटावर नाव आहे आणि मूल गैरहजर आहे, तर या वेळी ते आहे कोठे, हे पाहायचे. पाहिले तेव्हा मुलगे गुरांमागे रानात होते आणि मुली घरी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसल्या होत्या. मग गुरे चरतात त्या कुरणातच वर्ग भरविला. तिला कुरणशाळा म्हणत. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत, आणि थोरलीने शेजारच्या वर्गात बसायचे. हीच विकासवाडी. एकट्या पहिलीच्या वर्गाला कितीही हुशार शिक्षक दिला असता, तरी ही थोरली मुलगी तेथे पोचली नसती.

कुरणशाळेवर एक आक्षेप घेता येतो. मुलांनी गुरे राखू नयेत हे सांगायचे सोडून, त्यांच्या मजुरीलाच शाळेने मान्यता दिली की काय? आक्षेप अगदी पोकळ नाही. परंतु गुराख्याची मिळकत एका दिवसात बंद करण्याचे सामर्थ्य ताराबाईंच्या हाती नव्हते, आणि ते येईपर्यंत मुलाने अक्षर न ओळखता मोठे व्हावे हे त्यांना पटले नसावे. मलाही पटत नाही.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मुंबई विधानसभेच्याही त्या काही वर्षे सभासद होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यात मुलांच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव होते. आज ते देशभर झाले आहे.

नाव गेले, पण सगळा विचार बरोबर गेला असे म्हणवत नाही. आहार, लसीकरण, वजन यांना योजनेत मोठे स्थान मिळाले, आणि ते योग्यच. उपाशी मूल काय शिकणार? मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण बराच काळ मागे पडले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शालेय रचनेत धरला तो २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने. पहिलीत मागे पडणाऱ्या मुलाची कहाणी पहिलीच्या बरीच आधी सुरू झालेली असते, हे बोर्डीच्या अंगणात पाऊणशे वर्षांपूर्वी दिसले होते.

आपल्या तुर्भ्यात कुरणे राहिली नाहीत. पण आई बाजारात निवडणटिपणाला किंवा कारखान्यात कामाला जाते, आणि पालिकेच्या शाळेच्या पटावर नाव असलेली थोरली घरी धाकट्यापाशी बसते, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. तिच्या गैरहजेरीचे कारण हजेरीपटावर लिहिलेले नसते; शेजारणीला मात्र ते ठाऊक असते.

अनुताईंनी ताराबाईंच्या मागे जवळजवळ वीस वर्षे हे काम चालविले. १९९२ साली त्याही गेल्या. संघाची संस्था कोसबाडला आजही आहे. डहाणू रोड स्टेशनावर उतरून टेकडीवर जाता येते. मंडळाची पुढची सहल तिकडे काढावी, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे.