देवासचे तुकोजीराव: कोल्हापूरच्या जावयाचं माळव्यातलं राज्य

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची संस्थानं. त्यातही देवासची तऱ्हा न्यारी. एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या गादीवर १८९९ मध्ये तिसरे तुकोजीराव बसले, तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. १९०८ मध्ये शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, त्यांना दिली. आपल्याकडे त्यांची ओळख असली तर एवढीच, कोल्हापूरचे जावई.

समोरच्याच्या मनातलं या माणसाला न सांगता कळायचं. शिकवायला आलेले माल्कम डार्लिंग जन्माचे मित्र झाले. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर महाराजांचे खासगी सचिव होते. ते एका नाजूक अडचणीत सापडले, तेव्हा महाराजांनी ना हिणवलं ना हाकललं, उलट सांभाळून घेतलं. गोकुळाष्टमीला देवापुढे नाचणारे, गाणारे महाराज फॉर्स्टरनी 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात जिव्हाळ्याने रंगवले आहेत.

मनं ओळखणारा माणूस आपोआप लोकांचा सेवक होतो, असं आजकाल नेतृत्वाच्या शिबिरांत सांगतात. तुकोजीरावांकडे पाहिलं की त्यातलं 'आपोआप' खटकतं. त्यांची माया डोळ्यांसमोरच्या माणसाला मिळाली. शेतातली रयत डोळ्यांसमोर नव्हती. नवा राजवाडा बांधून पुरा होण्याआधीच ढासळू लागला होता, तरी खर्च थांबेना. संस्थान कर्जात बुडालं. आणि मित्र डार्लिंग यांचं नाव झालं ते पंजाबच्या शेतकऱ्यांच्या कर्जावरच्या ग्रंथामुळे!

सासरेही माणसं ओळखण्यात कमी नव्हते. पण शाहूंनी कळवळ्याचं हुकमात रूपांतर केलं. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, वसतिगृहं उभी केली. राजा दरबारात नसला तरी पोराला जेवण मिळावं, अशी ती सोय होती.

घरातही तुकोजीरावांचं बिनसलं. अक्कासाहेब माहेरी परतल्या. १९२७ मध्ये युवराज विक्रमसिंह बापाच्या धाकाने देवास सोडून निघून गेले. सरकारने हिशेबाचा तगादा लावल्यावर महाराज तीर्थयात्रेच्या निमित्ताने बाहेर पडले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ च्या डिसेंबरात तिथेच वारले.

पुढे १९४७ मध्ये तेच विक्रमसिंह शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले.