चित्रकार राजा रविवर्मा

वडोदऱ्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची तैलचित्रे पाहताना आम्ही बराच वेळ खिळून उभे होतो. १८४८ मध्ये केरळातील किळिमानूर येथे जन्मलेले हे चित्रकार. परंतु त्यांच्या कित्येक पौराणिक नायिका नेसल्या आहेत आपल्याकडील नऊवारी लुगडे! सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. पण राजवाड्यातील चित्रे गोरगरिबांच्या दृष्टीस कोठून पडणार? म्हणून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईस शिळाछापखाना काढला. तो कर्जात बुडाला, अखेर एका जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले. गोव्यास आमच्या आजीच्या देवघरात समईच्या धुराने काळवंडलेली त्यांचीच कमलासना लक्ष्मी होती. आजीने मात्र त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते.