रेणूचे कोडे सोडविणारे रॉबर्ट मुलिकन

रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘कक्षक’ हा शब्द आपण वाचता. इंग्रजीत त्याला ‘ऑर्बिटल’ म्हणतात. तो शब्द १९३२ साली ज्यांनी दिला, त्या रॉबर्ट मुलिकन यांची ही ओळख.

७ जून १८९६ रोजी अमेरिकेत न्यूबरीपोर्ट या गावी त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. स्वतःच्या ग्रंथांची मुद्रिते तपासण्यास ते मुलाला जवळ बसवीत. संयुगांची अवघड नावे त्या मुलाला अशी परिचयाची झाली. पालकांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

१९२१ साली त्यांनी शिकागो येथे पीएच.डी. मिळविली. पुढे १९२७ मध्ये जर्मनीत फ्रीडरिख हुंड यांच्याशी त्यांची दीर्घ चर्चा झाली. अणू जवळ आले की त्यांचे कक्षक मिसळून संपूर्ण रेणूचे कक्षक तयार होतात, असा विचार दोघांनी मांडला. एकत्र कुटुंबात कमाई घराची होते, तसे इलेक्ट्रॉन मग साऱ्या रेणूचे होतात. मात्र दोन कक्षक मिसळले तर दोनच मिळतात : एक कमी ऊर्जेचा, अणूंना बांधणारा, दुसरा अधिक ऊर्जेचा, बंध तोडू पाहणारा. हायड्रोजनचे दोन्ही इलेक्ट्रॉन खालच्या कक्षकात मावतात, म्हणून रेणू टिकतो. हेलियमच्या दोन अणूंचे मिळून चार इलेक्ट्रॉन; दोन वर चढतात आणि झालेला लाभ बुडतो. म्हणून हेलियमचे अणू एकेकटेच राहतात.

द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. आपण वहीत काढतो त्या दुहेरी बंधाच्या आकृतीत सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. मग हे ओढले जाणे कशामुळे? त्याचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन बंध तोडू पाहणाऱ्या दोन समान ऊर्जेच्या कक्षकांत एकेकटे असतात, हे लेनर्ड-जोन्स यांनी १९२९ मध्ये याच पद्धतीने दाखविले.

तरीही बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना लायनस पॉलिंग यांची पद्धत अधिक पसंत होती. ती कागदावर सहज काढता येई, आणि पॉलिंग यांचे वक्तृत्वही प्रभावी! मुलिकन यांचे लेखन मात्र क्लिष्ट. ते शिकागोत शांतपणे काम करीत राहिले. संगणक आल्यावर त्यांच्या पद्धतीची किचकट गणिते सुटू लागली आणि पारडे फिरले.

१९६६ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुंड यांना त्यात वाटा नव्हता. तो त्यांच्याबरोबर वाटून घेण्यात आपल्याला आनंदच झाला असता, असे मुलिकन यांनी मोकळेपणाने सांगितले. ३१ ऑक्टोबर १९८६ रोजी मुलिकन यांचे निधन झाले. हुंड त्यानंतरही दहा वर्षे हयात होते. १९९७ साली, एकशेएकाव्या वर्षी ते गेले.