आधी ससे, मग स्वतः

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांच्या परिचयाची आहे. मात्र ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या संशोधनातील मुक्या जिवांचा वाटा फारसा कुणाला ठाऊक नसतो.

१८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवर संशोधन केले. एका गिनिपिगमधून दुसऱ्यात असे जंतू संक्रमित करून त्यांनी जंतूंची तीव्रता वाढवली आणि लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि ती लस सशांना टोचली. लस दिलेले ससे पुढे जिवंत जंतूंनाही पुरून उरले. तरीही माणसाच्या शरीराची ग्वाही ससा देऊ शकत नव्हता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मोठी मात्रा स्वतः घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते सावरले. त्यानंतरच भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. प्राण्यांवर लादलेली जोखीम स्वतः पत्करल्याखेरीज ती इतरांपुढे न ठेवणारा हा शास्त्रज्ञ होता.