हाली, कलदार आणि पहिले सालारजंग

आपल्या मराठवाड्यात 'कलदार' हा शब्द अजून पुरता मेलेला नाही. नांदेड काय किंवा लातूर काय, जुनी माणसे खणखणीत रुपयाला कलदार म्हणतात. कलदार म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया. पण हा शब्द आपल्याकडे वेगळा लक्षात राहिला, कारण कलदार हा आपला रुपया नव्हताच. आपला रुपया 'हाली सिक्का', म्हणजे चालू नाणे. तो निजामाच्या हैदराबाद राज्याचा होता, आणि त्याला एक धड रूप दिले ते मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, या दिवाणाने. निजामांची नावे आपण पाठ करतो. या दिवाणाचे चरित्र मात्र फारसे कोणी वाचत नाही.

त्यांचा जन्म १८२९ सालचा, विजापूरचा. लहानपणीच वडील गेले आणि चुलते सिराज-उल-मुल्क यांनी त्यांना वाढविले. चुलते निजामाचे दिवाण होते. राज्याची स्थिती तेव्हा फार हलाखीची होती. इंग्रजांच्या देखरेखीखालील कंटिन्जंट फौजेचा पगार थकला होता आणि कर्ज वाढत चालले होते. अखेर मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. तहानंतर काही दिवसांतच चुलते वारले आणि दिवाणगिरी तुराब अलींच्या गळ्यात पडली. वय अवघे चोवीस! आपल्याकडे या वयात एखादा एम. ए. होऊन नोकरीचे अर्ज लिहीत असतो.

तिजोरीत काय होते, हा प्रश्नच नव्हता. तिजोरीत कोणते रुपये होते, हाच खरा प्रश्न होता. राज्यात ठिकठिकाणी टांकसाळी होत्या. गदवाल आणि नारायणपेठची नाणी वेगळी. औरंगाबादकडे गोविंदबक्षी रुपया. पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकाराने पाडलेला पेस्तनशाही त्याहून निराळा. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदी वेगळी. सराफ नाणे वाजवून बघणार आणि बट्टा कापणार. एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो बट्टा मूळ या दुकानातला आहे. पैसा तोच, माणूस तोच, पण एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाईपर्यंत रुपयातला काही भाग सराफाकडे राहायचा.

सालारजंगांनी खाजगी टांकसाळी बंद करून हैदराबादला सरकारी टांकसाळ चालविली आणि हाली सिक्का सुरू केला. १८५७ नंतर नाण्यावरचे दिल्लीच्या बादशहाचे नाव गेले आणि आसफजाही नाव आले.

त्या १८५७ च्या उठावात मात्र हे दिवाण इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आदींनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो मोडून काढण्यात आला. राज्य वाचविण्यासाठी त्यांनी असे केले असे म्हणता येईल. पण मला ते सहज पचत नाही. १८५९ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्लाही झाला, त्यातून ते वाचले. १८६० च्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही.

त्यांचे खरे मोठे काम महसुलाचे. पूर्वी वसुलीचा मक्ता दिला जाई. कित्येक तालुके अरब आणि रोहिले सावकारांकडे गहाण पडले होते. ते त्यांनी सोडविले, मक्ते बंद केले, पगारी अधिकारी नेमले. १८६५ ची जिल्हाबंदी त्यांचीच. नांदेड जिल्ह्याचा पाया त्यात आहे. (लातूरला स्वतंत्र जिल्हा होण्यासाठी १६ ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला.) धान्याऐवजी सारा रोखीने घेण्याची पद्धतही याच काळात पसरली.

आणि येथेच दोन चलनांचा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या ओट्यात येऊन पडतो. सारा भरायचा हालीत. पण कापूस आणि गळिताचे धान्य जाणार मुंबईकडे, इंग्रजी मुलखातून, म्हणजे तिकडचा व्यवहार कलदारात. लातूरचा माल पुढे बार्शीला जाऊ लागला. बार्शी इंग्रजी हद्दीत. मधला भाव ज्याला ठाऊक तो मधला पैसा खाणार. शेतकऱ्याला तो भाव सावकारच सांगणार! दिवाणांनी देशातल्या देशातला बट्टा पुष्कळ कमी केला, पण सरहद्दीवरचा बट्टा त्यांच्या हाती नव्हता.

हा भाव आला कोठून? पुढे चारमिनार छापाचा जो हाली रुपया निघाला, त्यात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम होती, आणि कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पाहावा. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सात हालीला सहा कलदार, हा जो दर पुढे रूढ झाला, तो जवळजवळ चांदीच्या वजनाचाच दर आहे. तो पूर्वी स्थिर नव्हता. १८९३ मध्ये इंग्रजांनी आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, तेव्हा कलदाराची किंमत चांदीपासून सुटली आणि हाली चांदीबरोबर खाली घसरला. ते पाहायला सालारजंग नव्हते.

१८७६ साली ते वऱ्हाड मागण्यासाठी विलायतेला गेले. वाटेत पॅरिसला पडून पाय जायबंदी झाला. ऑक्सफर्डने पदवी दिली, मेजवान्या झाल्या, वऱ्हाड कोणी दिले नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. हैदराबादेत मीर मोमीन यांच्या दायऱ्यात त्यांची कबर आहे. त्यांचा हाली सिक्का त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षे टिकला. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही तो भारतीय रुपयाच्या जोडीने आपल्या बाजारात चालत होता, त्याच सातास सहा भावाने, आणि १९५९ साली कायमचा बंद झाला.