स्टेंटच्या आधीचा फुगा : डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग कोण होते?

ब्लॉकेज निघाले, स्टेंट टाकला, हे आता बेसा-मनीषनगरात घरोघरी ऐकू येते. पण रुग्णाला मधुमेह असेल, तर डॉक्टर कधी कधी थेट बायपास सुचवतात आणि नातेवाईक गोंधळतात. हा पेच समजून घेण्यासाठी या उपचाराचा पाया घालणाऱ्या डॉक्टरची ओळख हवी.

स्वयंपाकघरातील प्रयोग

ग्रुंटझिग यांचा जन्म १९३९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनचा. दुसऱ्या महायुद्धात वडील गेले. पुढे त्यांनी हायडेलबर्गला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिचला आले. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स डॉटर पायाच्या अरुंद धमन्या नळीने रुंद करत होते. त्या नळीला फुगा जोडण्याची कल्पना ग्रुंटझिग यांनी घेतली. घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांनी असे फुगे तयार केले. १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला गेला. हृदयाबाबत मात्र अनेक तज्ज्ञांना शंका होती.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये त्यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाची धमनी फुग्याने उघडली. रुग्ण पूर्ण शुद्धीत होता. ही जगातील पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी. १९८० मध्ये ते अमेरिकेतील अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. भारतात ही पद्धत रुजवणारे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल हे त्यांच्याकडेच शिकले. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी स्वतःचे विमान चालवताना झालेल्या अपघातात ग्रुंटझिग आणि त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. ते अवघे ४६ वर्षांचे होते.

मधुमेहात अडचण काय?

फुग्याने उघडलेली धमनी अनेकदा पुन्हा आकुंचन पावे. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसवला गेला. पुढे औषध लावलेले स्टेंट आले. तरी मधुमेहींची अडचण पूर्ण सुटली नाही. त्यांच्या धमन्या बारीक असतात, चरबीचे थर लांबवर पसरलेले असतात आणि स्टेंटच्या जागी पुन्हा अडथळा येण्याचा धोका जास्त असतो. स्टेंट एकच जागा उघडतो. बायपास पुढच्या संपूर्ण भागाला नवा रस्ता देतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम अभ्यासात एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले १,९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंट गटात १६.३ टक्के, तर बायपास गटात १०.९ टक्के मृत्यू झाले. पक्षाघात मात्र बायपासनंतर जास्त आढळला : ५.२ विरुद्ध २.४ टक्के.

निर्णय कसा होतो?

हार्ट अटॅक सुरू असताना वेळ महत्त्वाची असते. तेव्हा मधुमेह असला तरी तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तातडी नसेल, तर किती धमन्यांत अडथळे आहेत, हृदयाची ताकद किती आणि किडनी कशी आहे, हे पाहून हृदयरोगतज्ज्ञ व सर्जन यांनी मिळून ठरवणे योग्य. दोन्ही उपचारांनंतर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गोळ्यांची शिस्त पाळावीच लागते. ग्रुंटझिग यांच्या फुग्याने अडथळा उघडता आला. मधुमेह मात्र रोज सांभाळावा लागतो.